फेडर हलतोय, पण स्क्रीनवर काहीच का होत नाही?

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांना कधी ना कधी माउसचा कंटाळा येतोच. गायकाचा आवाज किंचित वर न्यायचा आणि त्याच क्षणी ढोलकी जराशी खाली आणायची, हे दोन बोटांचं काम. माउसने एका वेळी एकच फेडर धरता येतो. म्हणून मग कंट्रोल सरफेस घेतला जातो.

फेडर, नॉब आणि प्ले-रेकॉर्डची बटणं असलेलं हे यंत्र दिसतं मिक्सरसारखं. पण साध्या कंट्रोल सरफेसमधून आवाज जातच नाही. तो सॉफ्टवेअरला फक्त सूचना पाठवतो.

आता केबल लावली, दिवे लागले, सॉफ्टवेअर उघडलं आणि फेडर हलवला, तरी स्क्रीनवर सगळं ढिम्म. असं झालं तर यंत्र लगेच परत पाठवू नका. बहुतेक वेळा ते खराब नसतं. दोघांची भाषा जुळलेली नसते, एवढंच.

ही भाषा म्हणजे काय?

मूळ भाषा मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले, तेव्हा ती जगासमोर आली. मिडीच्या साध्या कंट्रोल संदेशात ० ते १२७ असे १२८ आकडे बसतात. नॉबला ते पुरतात, पण आवाज हळूहळू कमी करत नेताना या पायऱ्या कधी कधी कानाला जाणवतात.

मॅकी कंपनीच्या ‘मॅकी कंट्रोल’ पद्धतीत यावर मजेशीर उपाय आहे. फेडरची जागा कळवायला त्यात पिच बेंडचा संदेश वापरतात, म्हणजे कीबोर्डवर सूर वाकवायचा तोच संदेश. त्यात १६,३८४ पायऱ्यांची सोय असते. बटणं तर चक्क स्वरांचे संदेश पाठवतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

लॉजिक, क्यूबेस, रीपर, एबल्टन लाइव्ह यांना मॅकी कंट्रोल कळतं. प्रो टूल्सला मात्र मॅकीचीच जुनी ‘एचयूआय’ भाषा लागते. बऱ्याच यंत्रांना दोन्ही येतात, पण कोणती बोलायची हे आपण निवडायचं असतं. अनेकदा ठरावीक बटण दाबून ठेवून यंत्र सुरू करावं लागतं. कोणतं बटण, ते मॅन्युअलमध्ये असतं. (हो, तेच मॅन्युअल, जे खोक्यातच राहतं.)

मग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोल सरफेसच्या यादीतून तीच पद्धत निवडा. इथे दोन रकाने दिसतील: इनपुट आणि आउटपुट. पुष्कळ जण फक्त इनपुट भरतात. मग फेडर हलवला की स्क्रीनवर आवाज बदलतो, पण स्क्रीनवर बदल केला तर मोटरवाला फेडर जागचा हलत नाही, आणि ट्रॅकची नावंही यंत्रावर उमटत नाहीत. सॉफ्टवेअरचं उत्तर यंत्रापर्यंत आउटपुटमधूनच पोहोचतं. दोन्ही रकान्यांत आपलंच यंत्र हवं.

प्ले दाबल्यावर गाण्याऐवजी भलताच सूर वाजला तर?

बटणं स्वरांचे संदेश पाठवतात, ते इथे आठवा. तोच पोर्ट वाद्याच्या ट्रॅकलाही इनपुट म्हणून जोडलेला असला, तर सॉफ्टवेअरला वाटतं की तुम्ही कीबोर्ड वाजवताय. एबल्टनमध्ये त्या पोर्टसमोरचं ‘ट्रॅक’ बंद करायचं. इतर सॉफ्टवेअरमध्येही वाद्यांच्या मिडी इनपुटमधून तो पोर्ट काढला की काम होतं.

कॉर्गच्या नॅनोकंट्रोल २ सारख्या छोट्या यंत्रांच्या फेडरला मोटर नसते. त्यामुळे स्क्रीनवर आवाज वर आणि हातातला फेडर तळाशी, असं होतं. फेडरला हात लावताच आवाज दणकन खाली पडतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘पिकअप’ची सोय असेल तर ती लावा. मग फेडर स्क्रीनवरच्या जागेपर्यंत पोहोचल्याशिवाय आवाज बदलत नाही. जिथे मिक्सिंग हेच मुख्य काम आहे, तिथे मोटरचे जादा पैसे मोजलेले बरे, असं माझं मत.

आणि फेडर आठच, ट्रॅक मात्र चोवीस असतील, तर काळजी नको. बँकचं बटण दाबा, पुढचे आठ ट्रॅक त्याच फेडरवर येतात.