लाल शेऱ्याच्या फायली

सकाळी ६
आज एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायची, पहिली फेरी. संघाची हाडांची डॉक्टर म्हणून आज माझं काम फक्त वाचायचं. मे महिन्यात शिकागोला मुलांची तपासणी झाली, तेव्हाचे एमआरआय, जुन्या शस्त्रक्रियांची टिपणं, कुणाचा घोटा किती सैल, सगळं पुन्हा एकदा. मुलं जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची. ज्या फायलींवर धोक्याचा लाल शेरा आहे, त्या मी आधी उघडते.

८.३०
स्काउट, प्रशिक्षक, जनरल मॅनेजर, सगळे एका खोलीत. पहिल्या फेरीत घेतलेल्या मुलाच्या कराराची पहिली दोन वर्षं हमीची. तो खेळो न खेळो, पैसे द्यावेच लागतात. म्हणून लाल शेरा दिसला की कुणीतरी ग्रेग ओडनचं नाव काढतंच. पोर्टलंडने २००७ मध्ये पुढे दिग्गज ठरलेल्या केविन ड्युरँटला सोडून त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. सप्टेंबरातच उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, अख्खा हंगाम बुडाला आणि एनबीएत तो एकूण १०५ सामने खेळला. त्याच पोर्टलंडने १९८४ मध्ये सॅम बोवीला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं होतं, नडगीच्या फ्रॅक्चरपायी त्याचे कॉलेजचे दोन हंगाम गेलेत हे ठाऊक असूनही. तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन शिकागोला मिळाला.

तेव्हापासून ‘दुखणाईत उंच मुलगा नको’ हा नियमच होऊन बसलाय. मला तो आळशी वाटतो. २००७ च्या चाचणीत १८५ पौंडांचं वजन ड्युरँटला एकदाही उचलता आलं नव्हतं. नुसत्या धास्तीने निवड करायची तर तोही नाकारला गेला असता.

११
आता एकेक हाड. ‘गुडघा’ हे काही निदान नव्हे. सतराव्या वर्षी लिगामेंट तुटलं, नीट बसवलं, मांडीची ताकद दोन्हीकडे सारखी आली, तर मी तो शेरा खोडते. पण भार पडतो तिथलीच कूर्चा गेली असेल तर गोष्ट वेगळी. हाडाला बारीक भोकं पाडून रक्त येऊ देतात, त्यातून नवी कूर्चा धरते. ओडनचं तेच केलं होतं. ही कूर्चा मूळच्या कूर्चेइतकी चिवट कधीच नसते.

सगळ्यात जास्त वेळ मी पायाच्या कमानीतल्या नॅव्हिक्युलर हाडावर घालवते. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी आणि प्रत्येक उडीचा दाब मात्र तिथेच. जोएल एम्बीडचं हेच हाड मोडलं होतं. २०१४ च्या ड्राफ्टआधी सहा दिवस शस्त्रक्रिया झाली, तरी फिलाडेल्फियाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. दोन हंगाम तो एकही सामना खेळला नाही. २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फिलाडेल्फियाच्या धाडसाचं कौतुक होतं. मला मोलाचा वाटतो तो त्यांचा धीर. त्यांना लगेच जिंकायची घाई नव्हती. तेच हाड महिन्या-दोन महिन्यांत मैदानात हवं म्हणणाऱ्या संघाकडे गेलं असतं तर?

दुपारी २
जनरल मॅनेजरचा नेहमीचा प्रश्न: “हा टिकेल का?” हो किंवा नाही, असं उत्तर मी देत नाही. पहिलं वर्ष किती मिनिटं, सलग दोन रात्री सामने कधीपासून, पुन्हा मोडलं तर काय, हे लिहून देते. मग मीच विचारते, “तुम्ही दोन हिवाळे थांबाल का?” धोका मुलाच्या पायात असतो तितकाच संघाच्या घाईत असतो. डेन्व्हरने २०१८ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या मायकेल पोर्टर ज्युनियरला चौदाव्या क्रमांकावर घेतलं आणि पहिला अख्खा हंगाम बसवून ठेवलं. २०२३ च्या विजेत्या संघात तो सुरुवातीच्या पाचांत होता.

५
एजंटांचे फोन. पूर्वी वजनदार एजंट मुलाचे अहवाल मर्जीतल्या संघालाच दाखवत. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या करारानंतर शिकागोला बोलावलेल्या मुलाला तपासणी चुकवता येत नाही. फार बरं झालं.

रात्री ८
एका निवडीला पाच मिनिटं. इथे माझं मत कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. सांगायचं ते कागदावर आहे.

१०.१५
लाल शेऱ्यातला एक मुलगा आमचा झाला. अभिनंदनाचे फोन आटोपल्यावर मी त्याच्याशी बोलले: जुलैत लास व्हेगसची समर लीग खेळायची नाही, नाताळापर्यंत सामना नाही. तो थोडा गप्प झाला. मग मी त्याच्या कॉलेजच्या फिजिओचा नंबर मागून घेतला.