चाल कशी सुचते?

गाण्याचा कार्यक्रम संपला की संगीतकाराभोवती दहा-वीस मंडळी गोळा होतात आणि त्यांतला कोणीतरी हमखास विचारतो, ‘ही चाल तुम्हांला सुचली तरी कशी?’ संगीतकार हसतो, ‘सुचली खरी!’ म्हणतो, आणि विचारणारा समाधानाने घरी जातो. आमच्या मते या सौदामिनीसारख्या प्रश्नोत्तरात क्षणभर उजेड पडल्याचा भास होतो, पण हाती काहीच लागत नाही. चाल आकाशातून पडते, अशी श्रोत्याची समजूत पक्की होते आणि संगीतकाराने केलेले काम अदृश्यच राहते. आपल्या संगीतकारांनी आपल्याच कामाविषयी काय सांगितले आहे, ते ऐकताना काय ध्यानी घ्यावे आणि त्यावर विश्वास कितपत ठेवावा, याचा थोडा विचार येथे करण्याचा आमचा हेतू आहे.

हा विचार बुलढाण्यात करण्यास विशेष कारण आहे. मराठी भावगीताच्या आरंभाची गोष्ट सांगू लागले की आपल्या जिल्ह्यातील मेहकरचे नाव घ्यावेच लागते. कवी ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करीत. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी चाल लावून गायिली आणि 1932च्या सुमारास तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठीतील अगदी आरंभीच्या भावगीतांत, किंबहुना पुष्कळांच्या मते पहिलेच म्हणून, तिची गणना होते. पुढे 1954 साली निघालेल्या कवीच्या पहिल्या संग्रहालाही ‘शीळ’ हेच नाव मिळाले, आणि 1986 साली ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शब्द मेहकरचे होते. ते महाराष्ट्रभर गेले ते मात्र चालीच्या पाठीवर बसून.

यात नवे काय घडले हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. आपल्याकडे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. जात्यावरच्या ओव्या तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. त्यांची चाल कोणाची, असे कोणी विचारत नाही. ती सर्वांची असते. एकाच चालीत शंभर ओव्या बसतात, आणि सुखाची ओवी व दुःखाची ओवी एकाच वळणाने जाते. फरक पडतो तो म्हणणारीच्या गळ्यात. संगीत नाटकातही पुष्कळदा चाल आधी आणि शब्द मागाहून, असा क्रम असे. प्रचलित पदाची वा चिजेची चाल घ्यायची आणि नाटककाराने तिच्यात शब्द बसवायचे. 1911 साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमाना’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, तेव्हा उत्तरेकडील ठुमरीच्या ढंगाचे नवे वळण त्यांनी नाट्यपदांना लावले. चाली देणारा म्हणून एका स्वतंत्र माणसाचे नाव लोकांच्या तोंडी येऊ लागले ते या काळात. टेंबे यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ लिहून आपल्या घडणीचा हिशेबही मागे ठेवला.

भावगीताने हा क्रम उलटा केला. येथे कविता आधी. ती पूर्ण आणि स्वतंत्र असते. तिला चाल लावणारा हा प्रथम तिचा वाचक असतो. त्यात ध्वनिमुद्रिकेचे बंधन होते. त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. कोणती कडवी घ्यावयाची, कोठे थांबावयाचे, वाद्यांना किती जागा द्यावयाची, हे सारे तीन मिनिटांत बसवावे लागे. सुचण्याइतकेच निवडण्याचे काम येथे होते, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

ही निवड कशी होते हे एका घरगुती उदाहरणाने पाहू. ‘पाऊस आला’ हे दोनच शब्द घ्या. मृग कोरडा गेला, पेरणी खोळंबली आणि मग एके संध्याकाळी सरी कोसळल्या. तेव्हा शेतकरी हे शब्द म्हणतो. त्याच वेळी गच्चीवर कुरडया वाळत घातलेली गृहिणीही हेच शब्द म्हणते. शेतकऱ्याचा ‘पाऊस’ लांबतो आणि ‘आला’ हा शब्द खाली येऊन टेकतो; त्यात सुटकेचा निःश्वास आहे. गृहिणीचा ‘आला’ वर चढतो आणि तुटतो. त्यात धावपळ आहे. संगीतकार पहिल्यासाठी वरून उतरत षड्जावर विसावेल, दुसऱ्यासाठी मध्येच एखाद्या वरच्या स्वरावर तोडील. शब्द तेच, अक्षरे तीच. पण कोण बोलतो आहे हे ठरल्यावाचून एक स्वरही ठरत नाही. चाल सुचणे म्हणजे पुष्कळ अंशी हे ठरणे होय.

यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या पुस्तकात जो विचार मांडला त्याचे मर्म हेच आहे. भावगीतात स्वराने शब्दाला उजाळा द्यावा, त्याला झाकू नये. शब्द चुकीच्या जागी तुटला, किंवा नुसत्या जोडाक्षरावर तान पडली, तर गळा कितीही गोड असला तरी कवितेचा अर्थ सांडतो. हा विचार एकदा मनात ठसला की श्रोत्याचा कान बदलतो. ‘आवाज छान आहे’ एवढ्यावर तो थांबत नाही. ‘त्या शब्दावर हा ठहराव का?’ असे तो स्वतःशी विचारू लागतो.

प्रत्येक संगीतकाराची वाट मात्र शब्दापासूनच निघते असे नाही. ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ हे आपल्या कामाचे पुस्तक लिहिणारे केशवराव भोळे प्रसंगापासून निघत. प्रभातच्या ‘कुंकू’ या 1937च्या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य करून, प्रसंगात जे आवाज स्वाभाविकपणे यावेत त्यांवरच भागविण्यात आले. कोठे गप्प बसावे हे ठरविणे हीसुद्धा संगीतरचनाच आहे, असा धडा त्यातून मिळतो. त्याआधी 1936 साली ‘संत तुकाराम’मध्ये शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग भोळ्यांनी अशा साध्या, वारकरी वळणाने बांधला की तो तुकोबांचाच आहे असे आजही कित्येकांस वाटते. आपले नाव पुसले जाण्याइतकी चाल विषयात मिसळून जावी, याहून मोठी पावती कोणती?

कित्येकदा वाट निघते ती निकडीतून. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955च्या रामनवमीपासून 19 एप्रिल 1956च्या रामनवमीपर्यंत आठवड्यास एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या 56 झाली. दर आठवड्यास नवे काव्य हाती यावयाचे, त्यास चाल लावावयाची, गायक-वादकांकडून बसवून घ्यावयाचे आणि लगेच पुढच्या गीताकडे वळावयाचे. येथे स्फूर्तीची वाट पाहत बसण्यास सवड कोठली? वेळेचे बंधन हा प्रतिभेचा शत्रूच असतो, या समजुतीला या 56 गीतांनी परस्पर उत्तर दिले आहे. रशियन संगीतकार स्ट्राव्हिन्स्की यांनी 1939-40 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत याच अर्थाचे प्रतिपादन केले होते, की बंधने जितकी निश्चित, तितका रचनाकाराचा हात मोकळा.

कुमार गंधर्वांचे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे. 1948 साली ते आजारी अवस्थेत देवासला आले आणि क्षयाने त्यांचे गाणे कित्येक वर्षे बंद पडले. त्या सक्तीच्या मौनात माळव्यातील लोकगीतांच्या धुना त्यांच्या कानांवर पडत राहिल्या. त्यांतून पुढे ‘धुनउगम’ राग आले, आणि 1965 साली निघालेल्या ‘अनूपरागविलासा’त स्वतःच्या बंदिशी त्यांनी रसिकांपुढे ठेवल्या. एकाला आठवड्याची मुदत, दुसऱ्याला वर्षांचे मौन. पण दोघांनीही आधी ऐकले आणि मग रचले, एवढे समान आहे.

अलीकडच्या काळाकडे वळलो तर आपल्या शेजारच्या अकोल्याचे आनंद मोडक आठवतात. 1974 साली सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ नाटकाचे संगीत त्यांनी केले. नाटक मरणाचे, आणि ते सांगण्याची रीत कीर्तनाची! देवळात ऐकलेले परिचित वळण एका विपरीत प्रसंगी आले की प्रेक्षक हसतो आणि हसता हसता दचकतो. जुनी चीज कोठे ठेवावी हे कळणे हीही नवनिर्मितीच आहे. 2003 पासून ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमात सलील कुलकर्णी आणि संदीप खरे गाण्यांबरोबर गाण्यांमागची गोष्टही सांगू लागले, तेव्हा सभागृहे भरली. मुंबईच्या रेडिओवर मराठी गाणी वाजत नाहीत, या सलातून कौशल इनामदार यांनी अमरावतीच्या सुरेश भटांच्या कवितेला चाल लावली आणि शंभराहून अधिक गायकांचा व तीनशेहून अधिक समूहगायकांचा आवाज एकत्र करून 2010 साली ‘मराठी अभिमानगीत’ सिद्ध केले. तेथे मनात प्रथम उमटला असेल तो समुदायाचा आवाज. चालही अनेकांना एकदम म्हणता येईल अशी हवी, हे त्यातूनच ओघाने आले.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. संगीतकाराने स्वतःविषयी सांगितलेले खरे कशावरून? गाणे लोकप्रिय झाल्यावर त्याची जन्मकथाही सुंदर होऊ लागते, आणि दहा वेळा सांगितली की सांगणाऱ्यासही ती खरी वाटते. हा आक्षेप आम्हांस बराचसा मान्य आहे. बेथोव्हेनची जी टिपणवह्यांची बाडे उरली आहेत त्यांत एकच सुरावट पुनःपुन्हा खोडून, बदलून लिहिलेली दिसते; आज जी ओळ अटळ वाटते ती कित्येक फेऱ्यांनंतर हाती आलेली असते. आपल्याकडे अशी खोडाखोड कागदावर फारशी राहत नाही. ती पेटीवर होते आणि हवेत विरते. म्हणूनच संगीतकाराचे बोलणे आपणांस हवे. मात्र त्याला भाकडकथा नव्हे, खोडाखोड विचारावी. कोणती चाल टाकून दिली? कोणत्या शब्दापाशी अडला? कोणते कडवे गाळले आणि का?

दुसराही आक्षेप आहे, की फूल उकलून पाहिले तर ते उरत नाही. पण गाणे हे फूल नव्हे. ते पुन्हा लावता येते. समजून घेऊन पुन्हा ऐकलेले गाणे उणे झाले, असा आमचा तरी अनुभव नाही. जे सांगता येत नाही असे थोडे शेवटी उरतेच. परंतु सांगता येण्याजोगे सारे सांगून झाल्यावरच ते नेमके कोठे आहे हे कळते.

हे सारे केवळ पुण्या-मुंबईच्या मोठ्या नावांसाठी नाही. आपल्या जिल्ह्यातही शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, भजनी मंडळासाठी, नाटकासाठी कोणी ना कोणी चाली लावीत असतो. त्याचे नाव पत्रिकेवर येत नाही, आणि तो गेला की त्याच्या चालींबरोबर त्याने त्या कशा बांधल्या हेही जाते. ना. घ. देशपांड्यांचे शब्द संग्रहांत सुरक्षित राहिले. अशा चाली लावणाऱ्यांची बुद्धी मात्र कोणत्याही संग्रहात जात नाही. ती टिकावयाची तर विचारणारा श्रोता पाहिजे. तेव्हा पुढच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर ‘चाल कशी सुचली?’ असे न विचारता, ‘त्या एका शब्दावर आपण थांबलात, ते का?’ एवढेच विचारून पाहावे. उत्तर देताना तो संगीतकार बहुधा पेटी पुन्हा उघडील. आणि त्या रात्रीचे खरे व्याख्यान तेथून सुरू होईल.