बाटलीतली दुरुस्ती कुठवर पुरते?

अमेरिकन सरकारने २००९ साली जुन्या, इंधन पिणाऱ्या गाड्या मोडीत देणाऱ्यांना नव्या गाडीवर घसघशीत सवलत दिली. मोडीतली गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून तिचं इंजिन कायमचं निकामी करायचं होतं. त्यासाठी डीलर ऑइल काढून टाकत, त्याजागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतत आणि इंजिन चालू करत. उष्णतेने पाणी उडून जाई, बेअरिंगवर काचेसारखा थर धरे आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होई.

हेड गॅस्केटची गळती बंद करणाऱ्या अनेक बाटल्यांत हेच सोडियम सिलिकेट असतं.

अर्थात, तिथे ते कूलंटमध्ये घालतात. गॅस्केटच्या भेगेत तापून ते घट्ट होतं आणि गळती थांबते, हे खरं आहे. पण भेग कोणती आणि हीटरची अरुंद नळी कोणती, हे त्याला कळत नाही. त्यात कूलंट ऑइलमध्ये मिसळत असेल, तर इंजिन मारणारं ते रसायन थेट बेअरिंगपर्यंत पोचू शकतं. आपल्याकडे रेडिएटर गळायला लागला की ट्रकवाले त्यात हळद टाकतात. जवळचं गॅरेज गाठण्यापुरता तो उपाय चांगलाच; मात्र नंतर रेडिएटर धुऊन झाळायला हवा.

कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनाची गोष्ट याहून बोलकी आहे. बारीकसारीक पाझर बंद व्हावेत म्हणून जनरल मोटर्स त्याच्या कूलंटमध्ये कारखान्यातच सीलिंगच्या गोळ्या टाकत असे. तरीही या इंजिनांची हेड गॅस्केट जाण्यासाठी बदनामी झाली, कारण हेडच्या बोल्टचे ॲल्युमिनियम ब्लॉकमधले आटेच निघून येत. उडालेले आटे कोणताही द्रव परत पाडू शकत नाही. इंजिन उघडायचं, भोक मोठं करायचं आणि धातूचे नवे इन्सर्ट बसवायचे, हाच इलाज होता.

ऑइलमध्ये मिसळायच्या बाटल्यांनी तर यापेक्षा मोठी आश्वासनं दिली. ‘स्लिक ५०’च्या इंजिन-संरक्षणाच्या दाव्यांना पुरेसा आधार नाही, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ साली कारवाई केली.

इंजेक्टर साफ करणारी पॉलिइथरअमाइनयुक्त औषधं मात्र काम करतात. साचलेला मळ विरघळवणं एवढंच त्यांचं काम असतं. झिजलेली पिस्टन रिंग त्यांच्या आवाक्यातली नाही.

कूलंट सारखं कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइल दुधी झालंय, असं एकदम दिसलं तर गाडी चालवू नये. हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवून बाक तपासावा, लागलं तर फेसिंग करून नवं गॅस्केट बसवावं.