काचेच्या पेटीतल्या माशांचे दुखणे कसे ओळखावे?

बैल आजारी पडला की शेतकऱ्याच्या घरातले लहान पोरही ते ओळखते. रवंथ बंद आहे, नाकपुडी कोरडी आहे, कान गळाले आहेत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. माशाच्या बाबतीत मात्र आपली नजर अजून तयार झालेली नाही. ताडकळससारख्या पूर्णा तालुक्यातल्या गावातही आता एखाद्या घरी बैठकीत काचेची पेटी दिसते. मुलांनी हट्ट धरलेला असतो, परभणीहून किंवा नांदेडहून प्लॅस्टिकच्या पिशवीत मासे आणलेले असतात. पंधरा दिवसांत एकेक मासा उलटा तरंगू लागतो, मुले रडतात, आणि महिन्याभराने त्या पेटीत कांदे-लसूण नाहीतर जुनी दप्तरे जाऊन बसतात. दुकानदाराला दोष देऊन आपण मोकळे होतो. खरे पाहता यातले बहुतेक मासे रोगाने मरत नाहीत, पाण्याने मरतात. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी पाण्याकडे पाहावे.

सकाळी खाद्य टाकण्यापूर्वी दोन मिनिटे पेटीसमोर उभे राहण्याची सवय घरातल्या एकाने तरी लावून घ्यावी. निरोगी मासा पर पसरून पोहतो, कल्ल्यांची उघडझाप संथ असते, माणूस दिसला की काचेजवळ येतो. पर अंगाशी मिटलेले, कोपऱ्यात एकटा, खाद्य तोंडात घेऊन थुंकणारा, दगडावर अंग घासणारा मासा आजारी समजावा. सगळेच मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेऊ लागले तर तो रोग नव्हे, पाण्यात प्राणवायू उरलेला नाही किंवा पाणी विषारी झाले आहे. ढोबळ खूण अशी, की एकेक मासा दिवसाआड मरत असेल तर रोगाचा संशय घ्यावा. रात्रीतून सगळे गेले तर पाण्याचा. प्राणवायू कमी पडल्यास बहुधा मोठे मासे आधी जातात.

पाणी विषारी कसे होते ते शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे. गोठा दोन दिवस झाडला नाही तर आत शिरताच डोळे झोंबतात. तो अमोनिया वायू. मासा तोच अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो, आणि उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. शेतात युरिया टाकल्यावर मातीतले जिवाणू त्याचे शेवटी नायट्रेट करतात. पेटीतही तसेच जिवाणू वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात व अमोनियाचा निकाल लावतात. परंतु नव्या पेटीत ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडतो आणि मूठभर खाद्य टाकतो. पाणी स्वच्छ दिसते, पण माशांचे कल्ले लाल होतात आणि मासे धापा टाकतात. अशा वेळी खाद्य बंद करावे, आणि रोज पाव हिस्सा पाणी बदलावे. आणखी एक हौस टाळावी. पेटी 'स्वच्छ' करण्यासाठी सगळे पाणी ओतून, वाळू आणि स्पंज नळाखाली घासून धुतला, की जमलेली वस्ती मरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. स्पंज धुवायचा तर पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा.

दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच पेटीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. वाळू-दगड वजा जाता ४५ लिटर धरावे. एवढ्या पाण्यात दोन गोल्डफिश पुरे. गोल काचेच्या भांड्यात मासा ठेवणे म्हणजे त्याला हाल करून मारणे होय.

ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर टाकलेली असते. माणसाला ती तारते, माशाचे कल्ले मात्र भाजून काढते. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच घालावे. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेही ढवळून, रात्रभर ठेवून वापरावे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी चहाला ठेवावे इतके तापलेले असते, ते तसेच ओतू नये. २० अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. म्हणजे मराठवाड्याच्या वैशाखात माशाला श्वास आधीच अपुरा, त्यात वीज जाऊन हवेचा पंप बंद. अशा वेळी तांब्याने पेटीतलेच पाणी उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत सोडावे. दर अर्ध्या तासाने दहा-वीस तांबे सोडले तरी मासे निभावतात. वीज येईपर्यंत खाद्य टाकू नये. पाणीटंचाईत बदललेले पाणी फेकण्याचे कारण नाही. परसातल्या भेंडी-वांग्याला ते उत्तम खत आहे, मात्र मीठ घातलेले नसावे.

पांढरे ठिपके

खऱ्या रोगांपैकी सर्वांत जास्त आढळणारा हा. माशाच्या अंगावर आणि परांवर रवा भुरभुरल्यासारखे बारीक दाणे दिसतात आणि मासा दगडावर अंग घासतो. थंडीत रात्री पाणी एकदम गार पडले, की हा रोग हटकून उठतो. (नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर विणीच्या काळात पांढरे टिपके येतात, तो रोग नव्हे.) हा एक सूक्ष्म परजीवी आहे, आणि त्याची रीत गुलाबी बोंडअळीसारखी आहे. अळी बोंडात शिरल्यावर फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही, तसा हा परजीवी माशाच्या कातडीखाली असेपर्यंत कोणतेही औषध त्याला लागत नाही. पोसला की तो खाली गळून पडतो, तळाशी फुटून त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती पोहत मासा शोधतात. दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. त्यांना गाठायचे ते याच काळात. म्हणून एकदा औषध घालून, ठिपके गळालेले पाहून थांबणारा माणूस फसतो. चार दिवसांनी दुप्पट ठिपके येतात.

उपाय स्वयंपाकघरातलाच आहे. लिटरमागे दोन ग्रॅम साधे खडे मीठ, म्हणजे वरच्या पेटीला ९० ग्रॅम. अंदाजाने मूठ टाकू नये, किराणा दुकानातून तोलून आणावे. तीन भाग करून दीड दिवसात, पाण्यात विरघळवून घालावे. पाणी उडून कमी झाले तर वरून साधे पाणी घालावे, कारण मीठ उडत नाही; चोपण जमिनीवर क्षार वर राहतात तसे ते मागे राहते. पाणी काढून बदलले असेल तरच तेवढ्या लिटरचे मीठ पुन्हा घालावे. ठिपके दिसेनासे झाल्यावरही आणखी आठवडाभर, आणि थंडीत दोन आठवडे, मीठ चालू ठेवावे, कारण गार पाण्यात या परजीवीचा फेरा लांबतो. पेटीत हिरव्या वनस्पती असतील तर त्या आधी काढाव्यात. मिशा असलेल्या, खवले नसलेल्या माशांना मीठ सोसत नाही, त्यांना निम्मे प्रमाण द्यावे.

पराच्या कडा पांढऱ्या होऊन झिरझिरीत फाटणे हा जिवाणूंचा रोग असला तरी मूळ घाण पाण्यातच असते. आठवडाभर रोज थोडे पाणी बदलल्यास व लिटरला एक ग्रॅम मीठ घातल्यास बहुतेक वेळा पर पुन्हा वाढतो. जखमेवर कापसाचे बोंड फुटल्यासारखा पुंजका आला तर ती बुरशी. मासा वेगळ्या टबात काढून दुकानात मिळणारे मिथिलीन ब्लू बाटलीवरील प्रमाणात द्यावे. हे निळे औषध मुख्य पेटीत ओतू नये, स्पंजातले उपयोगी जिवाणू त्याने मरतात. पोट फुगून गोल्डफिश तिरपा पोहत असेल तर बहुधा जास्त खाल्लेले असते. दोन-तीन दिवस उपाशी ठेवून मग उकडलेला, साल काढलेला वाटाण्याचा दाणा द्यावा. पण पोट फुगून सगळे खवले उभे राहिले असतील तर आतली इंद्रिये निकामी झालेली असतात. असा मासा क्वचितच वाचतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे. घरातल्या माणसांच्या तापाच्या कॅप्सूल फोडून पेटीत टाकण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्याने मासा बरा होत नाही आणि जिवाणू औषधाला निर्ढावतात.

फवारणीचे हात

शहरातल्या पुस्तकांत न सापडणारे एक कारण शेतकऱ्याच्या घरी मोठे आहे. सोयाबीन, तूर, कापूस यांवर आपण सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा यांसारखी औषधे फवारतो. गोचिडांसाठी जनावरांना डेल्टामेथ्रिन लावतो. या जातीचे विष माणसाच्या आणि गुराच्या शरीरात लवकर मोडते, माशाच्या शरीरात मोडत नाही. पाण्यात त्याचा अंशमात्र गेला तरी पुरतो. सैरावैरा धावणे, झटके, कलंडणे आणि काही तासांत सर्व मासे मेलेले, अशी त्याची खूण. फवारून आलेल्या माणसाने त्या दिवशी पेटीत हात घालू नये. फवारणीची बादली किंवा मग पेटीच्या पाण्याला कधीही वापरू नये. डासांची उदबत्ती किंवा वीजेवर लावायचे औषध त्याच बंद खोलीत जाळले, तर हवेचा पंप ते ओढून पाण्यात सोडतो. दुसरी बाजूही ध्यानात असावी. माशांच्या क्षयाचे जंतू हातावरच्या जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतात, म्हणून कापलेल्या हाताने पेटी धुऊ नये.

बाजारातून आणलेला बैल आपण काही दिवस वेगळा बांधतो. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा तर ते सर्वांना पटले. नवा मासाही दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवावा. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये, मासा तेवढा उचलून घ्यावा. आणि कंटाळा आला म्हणून पेटीतला मासा विहिरीत, कॅनॉलला किंवा गोदावरीत सोडू नये. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच सुटून उजनी धरणात माजला आणि मच्छिमारांच्या जाळ्यांना डोकेदुखी झाला.

घरचे उपाय चालेनात तर विचारायला जागा आहे. उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नेताना आजारी पण जिवंत मासा पिशवीत अर्धे पाणी, अर्धी हवा ठेवून न्यावा आणि पेटीचे पाणी स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून वेगळे घ्यावे. मासा मेलेलाच असेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बर्फात ठेवावा. उन्हाळ्यात तो दोन तासांत कुजू लागतो, आणि कुजलेल्या माशावरून कोणालाच काही सांगता येत नाही.