मुद्रणसिद्ध पीडीएफ : ब्लीड व क्रॉप यांतील भेद

वडनेर भोलजीसारख्या गावातील महाविद्यालयाच्या अंकाची पीडीएफ दूरच्या मुद्रणालयात जाते, तेव्हा पानाच्या कडांचा निर्णय संपादकानेच आधी घ्यावयाचा असतो. छपाईनंतर गठ्ठा कापताना पाते किंचित सरकते. म्हणून कडेपर्यंत भिडणारे चित्र वा रंग कटाईरेषेबाहेर साधारणतः ३ मि.मी. वाढवितात, यालाच 'ब्लीड' म्हणतात. २१० × २९७ मि.मी.च्या ए-४ मुखपृष्ठाची पार्श्वभूमी त्यामुळे २१६ × ३०३ मि.मी. होते. ती नसल्यास कडेला पांढरी रेघ उमटण्याची भीती असते.

पीडीएफमध्ये ट्रिमबॉक्स कापल्यानंतरचा आकार, ब्लीडबॉक्स वाढीव भाग, तर क्रॉपबॉक्स पडद्यावर दिसणारी चौकट दर्शवितो. अ‍ॅक्रोबॅटमधील 'क्रॉप'ने कडेचा मजकूर केवळ झाकला जातो, नष्ट होत नाही. परीक्षकाकडे पाठवावयाच्या शोधनिबंधातील लेखकाचे नाव असे झाकल्यास ते पुन्हा उघड होऊ शकते. याउलट, मूळ मांडणीत नसलेले ब्लीड नुसता पानाचा आकार वाढवून निर्माण होत नाही. सारांश, नाव काढणे असो वा ब्लीड देणे, दोन्ही कामे पीडीएफ करण्यापूर्वी मूळ फाईलमध्येच करावीत.