ज्वारीचा दाणा परभणीत, खसखस जालन्यात

विज्ञानकथांवरच्या मालिका लहान मुलांना दाखवाव्यात की नाही, असे शिक्षक आम्हाला अधूनमधून विचारतात. शंका रास्त आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पडद्यावरचे खरे कोणते आणि रचलेले कोणते, हे दर वेळी ओळखता येत नाही. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली. त्यानंतर, नायक वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या छापून आल्या. त्यांच्या खरेपणाबद्दल पुष्कळ वाद झाला. पालकांची काळजी मात्र खरी होती. तरीही आमचे उत्तर ‘दाखवाव्यात, पण शेजारी बसून’ असेच आहे.

आमची आवडती मालिका ‘स्टार ट्रेक’. अमेरिकेत ती ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि १९६९पर्यंत तिचे ७९ भाग झाले. दूरदर्शनने १९८०च्या दशकात ती आपल्याकडे दाखविली तेव्हा आम्ही जेमतेम पहिली-दुसरीत होतो आणि इंग्रजीचे एक अक्षर कळत नव्हते. टोकदार कानांचा एक शांत माणूस सगळ्यांपेक्षा हुशार आहे, एवढे मात्र पक्के कळले होते! आता तीच मालिका आम्ही परभणीत घरातल्या सात वर्षांच्या मुलीबरोबर पाहतो. संवाद मराठीतून सांगावे लागतात, त्यामुळे मध्येमध्ये थांबावे लागते. या थांबण्याचाच खरा उपयोग होतो, कारण प्रश्न तेव्हाच येतात.

एकदा तिने विचारले, “बाबा, हे आज निघाले आणि आजच दुसऱ्या ताऱ्यावर पोचले? आपल्याला तर मुंबईला जायला अख्खी रात्र लागते.”

उत्तर देण्यासाठी आम्ही डब्यातून ज्वारीचा एक दाणा काढला. दाणा सुमारे ४ मिलिमीटरचा. हा आपला सूर्य. खऱ्या सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, म्हणजे या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे साडेतीन लाख किलोमीटर झाले. या मापाने पृथ्वी दाण्यापासून ४३ सेंटिमीटरवर, म्हणजे हातभर अंतरावर येते आणि तिचा आकार डोळ्यांना जेमतेम दिसेल अशा धुळीच्या कणाएवढा होतो. गुरू सव्वादोन मीटरवर, नेपच्यून १३ मीटरवर. सगळे ग्रह शाळेच्या अंगणात मावले.

मग सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, कुठे ठेवायचा? तो ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. आपल्या मापाने ११५ किलोमीटर! परभणीपासून नकाशावर सरळ रेषा ओढली तर एवढ्या अंतरावर जालना येते. प्रॉक्झिमा सूर्यापेक्षा बराच लहान असल्याने तो खसखशीच्या दाण्याहूनही बारीक होईल. एक दाणा परभणीत, एक जालन्यात, आणि मधे जवळजवळ काही नाही. मुलीने दाणा ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

या नकाशात प्रकाशही गोगलगायीच्या चालीने सरकतो : सेकंदाला एक मिलिमीटरहून थोडा कमी, दिवसाला ७४ मीटर. १९७७मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. इतक्या वर्षांत ते दाण्यापासून साधारण ७३ मीटरवर पोचले आहे. ते जालन्याकडे निघाले असते, तर पोचायला ७५ हजार वर्षे लागली असती.

मालिकेच्या लेखकांनीही हिशोब केला होता. यानाच्या वेगाला त्यांनी अंक दिले आणि अंकाचा घन करावा, तितक्या पट प्रकाशाचा वेग समजावा, असे ठरविले. वेग सहा म्हणजे प्रकाशाच्या २१६ पट. तरी प्रॉक्झिमाला पोचायला सात दिवसांहून थोडे अधिक लागतात. गोष्ट घाईत असली की लेखक स्वतःचाच हिशोब विसरतात, ते सोडा.

असा वेग शक्य आहे का? आइन्स्टाइनच्या १९०५च्या सिद्धांतानुसार वस्तूचा वेग प्रकाशवेगाच्या जवळ नेऊ लागलो की लागणारी ऊर्जा अमर्याद वाढत जाते. १९९४मध्ये मिगेल अल्कुबिएरे यांनी एक पळवाट मांडली : यान न पळवता त्याच्या पुढचे अवकाश आकसवायचे आणि मागचे पसरवायचे. त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, आणि हव्या तेवढ्या प्रमाणात ती कोणालाही मिळालेली नाही. “गणितात बसते, पण सामान मिळत नाही,” असे आम्ही सांगितले. ते तिला पटले.

प्रत्येक चूक दाखवीत बसू नये, असे आमचे मत आहे. मूल कंटाळते आणि गोष्टही मरते. एका भागाला एक प्रश्न पुरे. पोकळीत स्फोटाचा आवाज कसा येतो, हा एक. यानात सगळे जमिनीवर चालतात कसे, हा दुसरा. तिथे आणखी एक गंमत आहे. अंतराळ स्थानकावर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीचे गुरुत्व जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. अंतराळवीर तरंगतात, कारण स्थानकासह ते सतत पडत असतात. मालिकेत तरंगणे दाखविणे खर्चिक होते. माणसे क्षणात अदृश्य होऊन ग्रहावर उगवण्याची युक्तीही, यान उतरविण्याचे चित्रण परवडत नव्हते म्हणून निघाली. ‘असे का दाखविले?’ याचे उत्तर कधी निसर्गात असते, कधी निर्मात्याच्या खिशात. हा फरक सात वर्षांच्या मुलाला चांगला समजतो.

वरच्या वर्गांत हा नकाशा मुलांकडूनच करून घ्यावा. ज्वारीऐवजी ८ मिलिमीटरचा हरभरा घेतला तर सगळी अंतरे दुप्पट होतात आणि शेजारचा तारा २३० किलोमीटरवर, परभणीहून अहिल्यानगरच्या थोडा पुढे जातो. आपल्या गावाहून तो कुठे पडेल, ते जिल्ह्याच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजता येईल.