लहान घराचा मोठा खर्च

मुले वाढून आपापल्या वाटेने निघून गेली, जोडीदार निवर्तला आणि तीन शयनगृहांच्या घरात सत्तरी ओलांडलेली एकच व्यक्ती उरली, हे दृश्य ब्रिटनमधील नगरपालिकांच्या वसाहतींत नवे नाही. त्याच गावात एखादे तरुण कुटुंब दोन मुलांसह एका खोलीत दिवस कंठीत असते आणि मोठ्या घराच्या प्रतीक्षायादीवर त्याचे नाव वर्षानुवर्षे पडून असते. वृद्धाने लहान घरात जावे, मोठे घर कुटुंबाला मिळावे आणि भाड्यापोटी होणारा सरकारचा खर्चही कमी व्हावा, असा हा वरकरणी तिघांच्याही फायद्याचा हिशेब आहे. तरीही तो प्रत्यक्षात सहजासहजी उतरत नाही. वृद्धांना जुन्या वास्तूचा मोह सुटत नाही, हे यावरचे ठरलेले उत्तर. ते सर्वस्वी खोटे नाही. पण अपुरे मात्र निश्चित आहे. मोहाइतकाच महत्त्वाचा भाग येथे पैशाचा आहे, आणि तो घरभाडे-साहाय्याच्या नियमांत दडलेला आहे.

'हाउसिंग बेनिफिट' या नावाने ओळखले जाणारे हे साहाय्य १९८२ च्या कायद्याने अस्तित्वात आले आणि त्याचे काम स्थानिक नगरपालिकांकडे सोपविण्यात आले. २०१३ पासून कर्त्या वयाच्या लोकांसाठी 'युनिव्हर्सल क्रेडिट' ही एकत्रित योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. निवृत्तिवेतनधारकांना मात्र जुन्याच साहाय्याखाली ठेवण्यात आले. ज्याला किमान उत्पन्नाची हमी देणारे 'पेन्शन क्रेडिट' मिळते, त्याचे नगरपालिकेच्या घराचे पात्र भाडे सामान्यतः पूर्णपणे भरले जाते. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर वरच्या प्रत्येक पौंडामागे ६५ पेन्स या दराने साहाय्य घटत जाते.

२०१३ च्या एप्रिलमध्ये सरकारने आणखी एक पाऊल टाकले. नगरपालिकेच्या किंवा गृहसंस्थेच्या घरात एक शयनगृह जादा असेल तर ग्राह्य भाड्याच्या १४ टक्के, आणि दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के कपात सुरू झाली. लोकांनी तिला 'बेडरूम टॅक्स' असे नाव दिले. निवृत्तीच्या वयाच्या भाडेकरूंना या कपातीतून वगळण्यात आले. म्हातारपणी कोणालाही दंडाचा धाक दाखवून घरातून हलवू नये, हा विचार त्यामागे असेल तर तो माणुसकीचाच म्हटला पाहिजे. परंतु धाक काढून घेतल्यावर त्याच्या जागी उत्तेजन ठेवावयास हवे होते, ते कोणी ठेवले नाही.

समजा, एका वृद्धेचे पूर्ण भाडे साहाय्यातून भरले जाते. मोठ्या घराचे भाडे आठवड्याला १३० पौंड आणि लहान घराचे ११० पौंड आहे. ती लहान घरात गेली तर आठवड्याला २० पौंड, म्हणजे वर्षाला १,०४० पौंड वाचतील. हे सर्व पौंड सरकारी तिजोरीत राहतील. वृद्धेच्या हाती एक पेनीही पडणार नाही. उलट सामान हलविण्याची मजुरी, नव्या खिडक्यांचे पडदे, नव्या जमिनीवरचे गालिचे हा सारा खर्च तिच्या अंगावर येईल. तेथील नगरपालिकांची घरे बहुधा उघड्या जमिनीनिशीच भाड्याने दिली जातात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. दोन्ही घरांचे भाडे एकाच वेळी भरण्याची पाळी आली, तर नियम ठराविक परिस्थितीत, तेही फार तर चार आठवड्यांपुरते, साहाय्य करतात. लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा असा व्यवहार बाजारात कोणी करीत नाही. तो वृद्धांनी करावा अशी अपेक्षा मात्र बाळगली जाते.

बरे, जावे म्हटले तरी लहान घर आहे कोठे? १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना नगरपालिकेचे घर सवलतीने विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि त्यानंतर एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरे अशी विकली गेली. त्यांच्या जागी तितकी नवी घरे उभी राहिली नाहीत. २०११ पासून तर नव्या घरांना बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडे आकारण्याची मुभा मिळाली आणि त्याला 'परवडणारे भाडे' असे नाव देण्यात आले. परिणाम असा की जेथे बाजारभाव चढे आहेत तेथे नव्या एका खोलीचे भाडे जुन्या तीन खोल्यांच्या भाड्यापेक्षा अधिक असू शकते. ज्या वृद्धाला साहाय्य अंशतःच मिळते किंवा मुळीच मिळत नाही, त्याने जागा कमी घेऊन पैसे अधिक का मोजावेत?

राहिला खाजगी मालकाच्या घराचा पर्याय. तेथे २००८ पासून 'स्थानिक घरभाडे भत्ता' लागू आहे, आणि निवृत्तांनाही तो सुटलेला नाही. प्रत्यक्ष भाडे कितीही असो, साहाय्य परिसरासाठी ठरविलेल्या दरापुरतेच मिळते. हा दर प्रथम परिसरातील भाड्यांच्या मध्यावर ठरत असे. २०११ पासून तो खालून तिसाव्या टक्क्यावर आणला गेला. पुढे २०१६ पासून चार वर्षे आणि पुन्हा २०२० ते २०२४ या काळात तो गोठविण्यात आला. भाडी वाढत राहिली आणि दर तेथेच थांबले. मधली तूट भाडेकरूने आपल्या पेन्शनमधून भरावयाची. शिवाय नगरपालिकेच्या घरातील तहहयात निश्चिती खाजगी घरात नाही. विनाकारण नोटीस देऊन भाडेकरूला उठविण्याची तरतूद काढून टाकणारा कायदा इंग्लंडसाठी २०२५ मध्ये झाला खरा. परंतु घर विकावयाचे किंवा स्वतः राहावयाचे आहे, या कारणांसाठी मालकाचा मार्ग खुलाच आहे.

या सर्व तपशिलांतून एकच गोष्ट स्पष्ट होते. संरक्षण माणसाला दिलेले नाही, ते घराला चिकटविलेले आहे. माणसाने उंबरठा ओलांडला की ते मागे राहते. मराठी वाचकाला हे कोडे परके वाटण्याचे कारण नाही. १९१५ साली युद्धकाळात ब्रिटनने भाडेवाढीला कायद्याने लगाम घातला आणि १९१८ साली मुंबईतही तसाच कायदा आला. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणभूत भाडे १९४० च्या पातळीशी बांधले. त्या संरक्षणाने असंख्य सामान्य कुटुंबांना आधार दिला, हे निर्विवाद आहे. पण गरज उरो वा न उरो, जुनी खोली सोडणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे, हा धडाही त्याच संरक्षणाने पिढ्यान् पिढ्या शिकविला.

यावर एक आक्षेप निघेल. कर्त्या वयाच्या गरिबाला जादा खोलीबद्दल दंड आणि वृद्धाला मात्र वर बक्षीस, हा कोणता न्याय? आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वृद्धांनाही दंड लावण्याचा नव्हे. लहान घरे पुरेशी नसताना लावलेला दंड घर बदलवीत नाही, तो केवळ पोटाला चिमटा काढतो. उपाय दुसऱ्या दिशेने शोधला पाहिजे. मोठे घर सोडणाऱ्या वृद्धाला जुन्या घरातील निश्चिती नव्या घरातही मिळावी. नव्या घराचे भाडे अधिक असल्यास फरकाची झळ त्याला लागू नये. स्थलांतराचा खर्च सरकारने उचलावा आणि होणाऱ्या बचतीचा काही वाटा त्याच्या हाती द्यावा. काही नगरपालिका रिकाम्या करून दिलेल्या प्रत्येक शयनगृहामागे रोख रक्कम देतात, ती याच तत्त्वाने. मात्र ती देणगी कोणत्या नगरपालिकेच्या हद्दीत राहतो यावर अवलंबून असता कामा नये. तो सर्वत्र सारखा हक्क असावा.

अशा योजनेला पैसा लागेल, हे खरे. पण मोठ्या घराअभावी ताटकळलेल्या कुटुंबाला तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवण्यासाठीही सरकारी पैसाच खर्च होतो, आणि त्यातून कोणाचेही घर उभे राहत नाही. वृद्धांनी जागा मोकळी करावी अशी समाजाची इच्छा असेल, तर त्या जागेचे मोल समाजाने मोजले पाहिजे. आयुष्यभर भाडे भरलेल्या माणसाकडून त्यागाची अपेक्षा करावयाची आणि त्यागाचे बिलही त्याच्याच नावाने फाडावयाचे, याला धोरण म्हणता येणार नाही.